चेंडू दिसला तर बॅट लागेल: गेम बॉयवरचा ‘बेसबॉल’ आणि गोव्याची हवा

गेम बॉय या निन्टेन्डोच्या हातात धरून खेळायच्या यंत्रावरचा जुना ‘बेसबॉल’ हातात घेतलेले बरेच जण दोन इनिंगमध्येच तो खाली ठेवतात. तक्रार ठरलेली असते: चेंडू कधी येतो ते कळत नाही, बॅट कायम उशिरा फिरते. मग गेमच वाईट असं ठरतं. खरं तर बहुतेक वेळा गेमचा दोष नसतो. पडदा फिका पडलेला असतो, ए बटणाखालचं रबर मळलेलं असतं, सेल अर्धे उतरलेले असतात. गोव्यात याला पावसाळ्याची दमट हवा आणि किनाऱ्यावरचा खारा वारा यांची भर. म्हणून आधी यंत्र नीट करायचं आणि मग बॅटिंग शिकायची. क्रम उलटा केला तर महिनाभर सराव करूनही हाती काही लागत नाही.

गेमची ओळख थोडक्यात. २१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये गेम बॉय बाजारात आला, तेव्हा पहिल्याच दिवशी मिळणाऱ्या मोजक्या कॅसेटमध्ये हा ‘बेसबॉल’ होता. ‘सुपर मारिओ लँड’ही त्याच दिवसाची. निन्टेन्डोने डिसेंबर १९८३ मध्ये फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या यंत्रावर काढलेल्या ‘बेसबॉल’चा हा खिशातला भाऊ. यात एका संघाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, मारिओ आहे, दुसऱ्याचा लुइजी. लीग नाही, मोसम नाही, सेव्ह नाही. एक सामना खेळा आणि बंद करा. सेव्ह नसल्याचा एक मोठा फायदा आहे. कॅसेटच्या आत बॅटरीच नाही, त्यामुळे पस्तीस वर्षांनीही आत मरण्यासारखं फारसं काही नाही. कॅसेट चालत नसेल तर नव्वद टक्के शंका तिच्या कडेच्या ३२ पट्ट्यांवरच घ्यायची.

तारवावर किंवा आखातात नोकरी केलेल्या माणसाच्या घरात जुन्या ट्रंकेतून असा गेम बॉय निघतो तेव्हा तो चालू करून बघायची घाई होते. ती करू नका. आधी मागचं सेलचं झाकण उघडा. आत पांढरी किंवा हिरवट-निळी खरपुडी दिसली तर सेल गळले आहेत. इथे एक गोष्ट फार लोक चुकवतात. कुठल्या जातीचा सेल गळला त्यावर उपाय ठरतो. अल्कलाइन सेलमधून पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं, ते अल्कधर्मी, म्हणून त्यावर व्हिनेगर. रिमोटात घालतो तो साधा स्वस्त पेन्सिल सेल कार्बन-झिंकचा असतो, त्याची गळती आम्लधर्मी, म्हणून तिथे खायचा सोडा पाण्यात कालवून लावायचा. सेल आत तसेच असतील तर वरचं नाव वाचूनच कामाला लागा.

व्हिनेगर म्हणजे दुकानातलं पांढरं, बिनरंगाचं. घरात सोरपोतेल किंवा विंदालूसाठी आणलेलं माडाच्या सुरेचं व्हिनेगर जेवणात कितीही उत्तम असलं तरी इथे नको. त्यात रंग आहे, गाळ आहे, आणि सुकल्यावर चिकट थर राहतो. इअरबड व्हिनेगरमध्ये बुडवून चांगला पिळायचा आणि फक्त पत्र्यावर फिरवायचा. बुडबुडे येणं थांबलं की पाण्याने ओलसर केलेल्या बडने पुसायचं आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने. स्प्रिंग पूर्ण गंजून पातळ झाली असेल तर ती घासत बसू नका, बदला. गळती ऋण टोकाकडून तारेच्या आत चढत जाते, त्यामुळे बाहेरून चकचकीत केलेलं टोक आतून काळं असू शकतं. अशी तार कापून नवी जोडावी लागते.

अल्कोहोल ९९ टक्क्यांचं घ्या. औषधाच्या दुकानात मिळतं ते बहुधा ७० टक्क्यांचं, म्हणजे उरलेलं जवळजवळ सगळं पाणी. इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग विकणाऱ्याकडे शुद्ध मिळतं. कोविडच्या काळात उरलेला सॅनिटायझर वापरायचा मोह टाळा. त्यात ग्लिसरीन असतं आणि ते पट्ट्यांवर थर धरतं.

आता कॅसेट. एकच स्क्रू असतो, पण साधा नाही. त्याला ३.८ मिलिमीटरचा गेमबिट नावाचा खास पेचकस लागतो. स्क्रू काढल्यावर पुढचं झाकण ओढून उपटायचं नसतं. ते आधी थोडं खाली सरकतं, मग सुटतं. न सरकवता उचकटलं की वरच्या कडेचे दात तुटतात. आतल्या पाटीवरच्या पट्ट्या बडने लांबीच्या दिशेने पुसा, आडव्या नको, नाहीतर मळ एका पट्टीवरून शेजारच्या पट्टीवर जातो. बड काळा येईल. तो स्वच्छ येईपर्यंत बदलत राहा, पाच-सहा लागतील. खोडरबर शेवटचा उपाय, तोही मऊ पांढरा आणि अगदी हलक्या हाताने, कारण पट्ट्यांवरचा सोनेरी मुलामा पातळ असतो आणि एकदा गेला की परत येत नाही. फुंकर मात्र कधीच मारू नका. तोंडातला दमटपणा पट्ट्यांवर जाऊन बसतो. आपल्याकडे हवेतच इतकं पाणी आहे की त्यात आणखी घालायची गरज नाही.

स्वच्छता पुरेशी झाली की नाही ते गेम बॉय स्वतःच सांगतो, आणि ते वाचता येणं फार उपयोगाचं आहे. चालू केल्यावर वरून खाली सरकत येणारा ‘निन्टेन्डो’ हा शब्द यंत्र स्वतःकडचा दाखवत नाही. यंत्र तो कॅसेटमधून वाचतं, ४८ बाइट्स, आणि आपल्याकडच्या नमुन्याशी ताडून बघतं. जुळलं तर पुढे जातं, नाही तर तिथेच थांबतं. म्हणून नावाच्या जागी भरीव काळी पट्टी उतरली तर यंत्राला कॅसेट दिसतच नाही. पट्ट्या फारच मळल्या आहेत किंवा कॅसेट पूर्ण बसलेली नाही. अक्षरं तुटक, ठिपक्यांची रांगोळी झालेली दिसली तर काही पट्ट्या लागतात, काही नाही. एखाद-दोन पट्ट्या पुन्हा पुसल्या की काम होतं. नाव स्वच्छ आलं, टिंग वाजली, आणि मग गेम अडकला, तर संपर्क हलतो आहे. अशा वेळी कॅसेटपेक्षा यंत्रातल्या खाचेकडे बघा. अल्कोहोल लावलेली कॅसेट सेल काढलेल्या यंत्रात आठ-दहा वेळा आत-बाहेर करायची, पुसायची, पुन्हा करायची, आणि अर्धा तास वाळू द्यायची.

सेलबद्दल. मूळ गेम बॉयला चार पेन्सिल सेल लागतात, मिळून ६ व्होल्ट. गेम बॉय घडवणारे निन्टेन्डोचे गुनपेई योकोई आणि त्यांच्या विभागाने रंगीत पडदा मुद्दाम टाळला, त्याचं एक मोठं कारण हेच: सेल टिकले पाहिजेत आणि यंत्र परवडलं पाहिजे. चांगल्या अल्कलाइन सेलवर पंधरा तास सहज निघतात. साधे कार्बन-झिंक घातले तर ते लवकर दबतात, आणि मध्येच पडदा फिका होणं, आवाज करकरणं, आपोआप रिसेट होणं सुरू होतं. चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचे, म्हणजे चारांचे ४.८. त्यांवर यंत्र व्यवस्थित चालतं, फक्त लाल दिवा सुरुवातीपासून जरा मंद दिसतो. वारंवार खेळणाऱ्याने हेच घ्यावेत, गळण्याची भीतीही कमी. सेल नवे असूनही रिसेट होत असेल तर वरचा पॉवरचा सरकता खटका बघा. त्याच्या आत गंजाचा पातळ थर धरतो आणि व्होल्टेज तिथेच अडतं. सेल काढून खटक्याच्या फटीत अल्कोहोलचे दोन थेंब सोडायचे आणि खटका तीस-चाळीस वेळा मागे-पुढे करायचा.

एवढं झालं की पडद्याकडे वळायचं, कारण खरी गोम तिथे आहे.

या पडद्यावर १६० बाय १४४ ठिपके आहेत आणि चार छटा. यंत्र सेकंदाला जवळजवळ ६० चित्रं काढतं, पण हा जुन्या जातीचा एलसीडी इतक्या लवकर बदलत नाही. एका ठिपक्याला पूर्ण काळा व्हायला एका चित्राच्या वेळेहून बराच जास्त वेळ लागतो. पिचर स्थिर उभा असतो, म्हणून ठळक दिसतो. चेंडू मात्र जेमतेम काही ठिपक्यांचा आणि प्रत्येक चित्रात जागा बदलणारा. तो कुठल्याच जागी पूर्ण गडद होण्याइतका थांबत नाही. परिणाम असा की चेंडू जितका वेगवान तितका तो फिका, आणि मागे पुसट शेपूट. डोळा शेपटीला चेंडू समजतो आणि बॅट उशिरा फिरते. बॅट उशिरा का फिरते याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं.

उपाय डाव्या कडेच्या कॉन्ट्रास्टच्या चाकात आहे, पण तो शीर्षकाच्या चित्रावर लावू नका. शीर्षक छान दिसेल असा लावला की चेंडू हमखास हरवतो. सामना सुरू करा, पहिले पाच-सहा चेंडू बॅट न फिरवता जाऊ द्या, आणि फक्त चेंडूकडे बघत चाक फिरवा. फार गडद केलं तर आकृत्यांच्या वर-खाली उभ्या सावल्या पडतात आणि चेंडू त्यांत मिसळतो. त्या सावल्या जेमतेम दिसू लागतात तिथून चाक केसभर मागे घ्यायचं. चाक फिरवताना पडदा लुकलुकत असेल तर त्याच्या आतही मळ आहे, तिथेही अल्कोहोलचा थेंब.

मूळ गेम बॉयच्या पडद्यामागे दिवा नाही. उजेड बाहेरून पडतो आणि मागच्या चंदेरी थरावरून परततो. त्यामुळे ट्यूबलाइटच्या बरोबर खाली बसण्यापेक्षा उजेड खांद्यावरून तिरपा येईल असं बसा. सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला बलकांवमध्ये (घरापुढच्या ओसरीत), अंगणाकडे पाठ करून बसलं तर जो उजेड मिळतो त्याहून चांगला उजेड या यंत्राला नाही. थेट उन्हात मात्र नाही, आणि गाडीच्या डॅशबोर्डवर तर मुळीच नाही. उष्णतेने पडद्यावरची पोलरायझरची फिल्म करपते आणि काळपट डाग पडतो.

पडद्यावर पूर्ण उभ्या रेषा गायब असतील तर चेंडू त्या रेषेत शिरला की नाहीसा होतो. याचं कारण बहुधा पडद्याच्या खालच्या कडेची चपटी केबल. तिचा काचेशी असलेला चिकट जोड उष्णतेने आणि काळाने सुटतो. मागचे सहा स्क्रू ट्राय-विंग पेचकसाने काढायचे, त्यांतले दोन सेलच्या खणात लपलेले असतात. दोन अर्ध्या भागांना जोडणारी केबल सरळ रेषेत, हळू ओढून सोडवायची. मग पुढची पाटी काढून पडद्याखालच्या त्या जोडावरून सोल्डरिंग आयर्न शक्य तितक्या कमी तापमानावर, हलका दाब देत, न थांबता डावीकडून उजवीकडे सरकवायचं. सोडवलेली केबल परत जोडून, यंत्र चालू ठेवून केलं तर रेषा परत येताना दिसतात. आयर्न एका जागी दोन सेकंदही टेकवलं तर केबल जळते आणि मग परतीचा रस्ता नाही. आडव्या रेषा गेल्या असतील तर घरी हात घालू नका. तो जोड बाजूला असतो आणि बराच नाजूक.

हे सगळं नको असेल तर दुसरं यंत्र. १९९६ च्या गेम बॉय पॉकेटचा पडदा अधिक स्वच्छ, शेपूट कमी. १९९८ च्या गेम बॉय कलरचा पडदा खूपच चपळ, आणि ही कॅसेट त्यावर चालते. कलरवर जुन्या कॅसेटला यंत्र आपणहून रंग देतं, आणि ते रंग इथे चेंडूला मदत करतातच असं नाही. नाव पडद्यावर असतानाच डावीकडचं दिशा-बटण आणि बी एकत्र दाबून धरा, चित्र करड्या छटांत येतं. चेंडू ओळखायला हेच सगळ्यांत सोपं. गेम बॉय ॲडव्हान्स आणि एसपी यांच्यावरही हीच युक्ती चालते. तिथे एल आणि आर बटणांनी चित्र रुंद ताणता येतं, पण बेसबॉलसाठी ताणू नका, वळणाऱ्या चेंडूचा अंदाज बिघडतो. सुपर गेम बॉयने, म्हणजे गेम बॉयची कॅसेट टीव्हीवर चालवणाऱ्या अडॅप्टरने, खेळणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की त्यावर गेम मूळपेक्षा सुमारे २.४ टक्के जास्त वेगाने धावतो. हाताला लागलेलं टायमिंग तिथे चुकतं.

फोन टीव्हीला जोडून इम्युलेटरने, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या ॲपने, खेळताना वेगळीच अडचण. ब्लूटूथ कंट्रोलर आणि टीव्हीचं चित्र सुधारण्याचं काम मिळून तीन-चार चित्रांचा उशीर सहज होतो, म्हणजे ५० ते ६७ मिलिसेकंद. या गेममध्ये तेवढा उशीर म्हणजे सरळ फटका आणि फाउल यांतला फरक. तारेचा कंट्रोलर वापरा, टीव्हीचा गेम मोड लावा.

ए बटण तपासल्याशिवाय मैदानात उतरू नका. बटणाखाली कार्बनचा काळा ठिपका असलेलं रबर असतं आणि ते पाटीवरच्या दोन काळ्या भागांना जोडतं. घामाचा खारटपणा आणि दमट हवा यांचा थर मध्ये आला की बटण लागतं, पण जास्त जोर दिल्यावर. तो जोर द्यायला जाणारा वेळ म्हणजेच उशिरा फिरलेली बॅट. तपासायची सोपी रीत: बटणाच्या मधोमध न दाबता कडेला, बोटाच्या टोकाने हलकेच दाबा. बॅट फिरली तर ठीक. नाही फिरली तर उघडा, पाटी अल्कोहोलने पुसा, रबराचा ठिपका मात्र फक्त ओलसर कापडाने टिपा. घासलात तर कार्बन निघून येईल.

आता खेळ. आपल्याकडचा हात क्रिकेटचा, आणि तोच इथे नडतो. क्रिकेटमध्ये मैदान चहूबाजूंनी खुलं. चेंडू उशिरा लागून मागे गेला तर लेट कट, लवकर लागून पायामागे गेला तर ग्लान्स, दोन्हींना धावा. बेसबॉलमध्ये धावा फक्त समोरच्या ९० अंशांच्या कोनात. बाकी सगळं फाउल. म्हणून ‘लागला की बरं’ ही सवय आधी सोडावी लागते. उजव्या हाताच्या फलंदाजाची बॅट लवकर फिरली तर चेंडू डावीकडे, उशिरा फिरली तर उजवीकडे, त्याहून उशिरा तर फाउल. सलग फाउल उजव्या बाजूला जात असतील तर तुम्ही उशिरा आहात. बटणाची वेळ बदलण्याआधी फलंदाजाला चौकटीत किंचित मागे घेऊन बघा, तेवढाच वेळ जास्त मिळतो.

बॅट फिरवून हुकलेला किंवा मारण्याजोगा असून सोडलेला चेंडू म्हणजे स्ट्राइक, तीन झाले की आउट. फाउल पहिल्या दोन स्ट्राइकपर्यंत स्ट्राइक धरला जातो, तिसरा स्ट्राइक फाउलने होत नाही. त्यामुळे दोन स्ट्राइक झाल्यावर अवघड चेंडू नुसता खरवडून फाउल करणं हा शहाणपणाचा खेळ आहे. आणि बॅट न फिरवता चार चेंडू मारण्याच्या हद्दीबाहेर गेले तर पहिला बेस, म्हणजे धावपटूचा पहिला थांबा, फुकट. क्रिकेटवाल्याला चेंडू सोडणं जमतं, ते कौशल्य इथे वापरा.

धावण्याचा नियमही उलटा. क्रिकेटमध्ये चेंडू लागला तरी उभं राहता येतं. इथे चेंडू हद्दीत लागला की फलंदाजाला पळावंच लागतं आणि पहिल्या बेसवरच्या धावपटूलाही जागा रिकामी करावी लागते. उंच उडालेला चेंडू झेलला गेला तर मात्र धावपटूने आपल्या बेसला परत टेकलं पाहिजे. म्हणून चेंडू हवेत दिसला की धावपटूला लगेच पुढे पळवू नका. एका झेलात दोन आउट होतात ते याच घाईमुळे.

क्षेत्ररक्षणात फेक कुठे जाणार ते दिशा-बटण ठरवतं, आणि मैदानाचा चौकोन बटणावर जसाच्या तसा बसतो: उजवीकडे पहिला बेस, वर दुसरा, डावीकडे तिसरा, खाली घर. पहिल्या बेसवर धावपटू असताना चेंडू जमिनीवरून आला तर आधी वर, मग उजवीकडे. ही जोडी बोटांत बसली की प्रतिस्पर्ध्याच्या निम्म्या इनिंग तिथेच संपतात.

दोघांनी खेळण्याची मजा निराळी आहे, पण तयारी लागते: दोन यंत्रं, दोन्हींत एकेक ‘बेसबॉल’ची कॅसेट आणि एक लिंक केबल. मूळ गेम बॉयचं केबलचं भोक मोठं, पॉकेट आणि कलरचं लहान, त्यामुळे मिश्र जोडीला दोन टोकं वेगळी असलेली केबल किंवा अडॅप्टर घ्या. ॲडव्हान्सची केबल इथे चालत नाही. दोन्ही यंत्रं बंद असताना केबल लावा, मग चालू करा. केबलमधून सेकंदाला ८,१९२ बिट्स जातात आणि दोन्ही यंत्रं एकमेकांची वाट बघत चालतात. एकाचे सेल दबले किंवा केबल हलली की दोन्ही गोठतात. सामन्याच्या मध्ये केबल ताणली जाणार नाही इतकं जवळ बसा.

आणि मृग लागायच्या आत हे सगळं आवरून ठेवायचं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेत दमटपणा ८०-९० टक्क्यांवर असतो, समुद्राजवळच्या घरात त्यात मीठही. सेल बाहेर काढा, यंत्र आणि कॅसेट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, सोबत पन्नासेक ग्रॅम रंग बदलणारं सिलिका जेल. तांदूळ नको, त्याची धूळ खाचांत शिरते. कपड्यांच्या कपाटात बल्ब लावून ठेवतो तसं इथे करू नका, पडद्याच्या फिल्मला ती ऊब बाधते. सिलिकाचा रंग पालटला की ते ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-एक तास तापवून, गार झाल्यावर परत डब्यात. भर पावसाळ्यात हे पंधरवड्याला एकदा बघावं लागतं. चवथीला पोरं घरी जमली की डबा उघडायचा, ताजे सेल घालायचे, आणि पहिले सहा चेंडू बॅट न फिरवता कॉन्ट्रास्टचं चाक लावण्यात घालवायचे.